लिंग बदला : गुण पाच

आमच्या घरात तुळशीची माळ आहे, त्यामुळे कोळंबीशी माझा जन्मभराचा संबंध व्याकरणापुरता. नेवासे तालुक्यातल्या एका शाळेत बत्तीस वर्षं मराठी शिकवलं. दर सहामाहीच्या पेपरात एक प्रश्न मी हमखास काढायचो : 'लिंग बदला. गुण पाच.' वाघ–वाघीण, मोर–लांडोर, बोका–भाटी. भाटी कुणालाच यायची नाही. मुलं 'बोकी' लिहून मोकळी व्हायची. एका वर्षी एकाने 'मुंगी–मुंगळा' लिहिलं. मी अर्धा गुण कापला, तर त्याचे वडील शाळेत आले. त्यांना समजावता समजावता माझी मधली सुट्टी गेली की मुंगळा हा मुंगीचा नवरा नव्हे. मराठीत वस्तू मोठी झाली की ती पुल्लिंगात जाऊन बसते आणि लहान झाली की स्त्रीलिंगात : गाडा–गाडी, सुरा–सुरी, लोटा–लोटी. आणि प्राणी बोटाएवढा असला तर मराठी त्याची चौकशीच करत नाही. ऊ ती ती, ढेकूण तो तो, पाखरू ते ते. ढेकणाच्या बायकोला काय वाटत असेल, हे आजवर कुणी विचारलेलं नाही.

कोळंबीचंही तेच. कोळंबी म्हटलं की ती, झिंगा म्हटलं की तो, आणि गोड्या पाण्यातल्या मोठ्या कोळंबीला काही ठिकाणी पोचा म्हणतात, तोही तो. प्राणी एकच, विकणारा कोण आहे त्यावर त्याचं लिंग ठरतं. एवढ्या माहितीवर मी निवृत्त झालो होतो आणि सुखात होतो.

तेवढ्यात भाची दिवाळीला आली.

ही अक्काची चौथी मुलगी. आमच्याकडे मुलगा झाला की पेढे वाटतात आणि मुलगी झाली की बर्फी. हिच्या वेळी हलवाई अक्काच्या घराची पायरीच चढला नाही. पुढे धाकटा झाला आणि तालुकाभर पेढे गेले. ही मात्र उदगीरच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयात शिकली आणि आता गोदावरी समुद्राला मिळते त्या भागात, आंध्रात, एका हॅचरीत कामाला आहे. नदीच्या वरच्या अंगाला मामा आणि खालच्या टोकाला भाची.

धाकट्याने शेततळं काढलंय. २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' निघालं आणि आमच्या भागात जेसीबीची लगीनसराईच सुरू झाली. तीस बाय तीसचा खड्डा, तीन मीटर खोल, त्यात पाचशे मायक्रॉनचा काळा कागद. मुळा उजव्या कालव्याचं आवर्तन सुटलं की विहिरीला पाझर येतो आणि विहिरीतलं तळ्यात जातं. ऊस आणि कांद्यासाठी साठवलेल्या त्या पाण्यात धाकट्याने दोन वर्षं रोहू-कटला सोडून पाहिले होते. आता भाचीने त्याच्या डोक्यात जंबो कोळंबीचा किडा सोडला होता.

"ती समुद्रातली ना गं?" मी विचारलं.

"नाही मामा, गोड्या पाण्यातली. आपल्या गोदावरीतही तिची सख्खी चुलत बहीण आहे, गोदावरी कोळंबी म्हणूनच ओळखतात तिला. फक्त बाळंतपणाला यांना माहेरी जावं लागतं."

माहेर म्हणजे खाडी. मादी पोटाखाली अंडी धरून नदीने खाली जाते, कारण पिल्लांना सुरुवातीला मचूळ पाणी लागतं. समुद्राच्या साधारण एक तृतीयांश खारट. त्या पाण्यात ती उलटी, पाठीवर पोहतात, अकरा अवस्था पार करतात, मग कोळंबीसारखी दिसायला लागतात आणि नदीने पुन्हा वर चढतात. पूर्वी हे कुणालाच माहीत नव्हतं. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला शाओ-वेन लिंग नावाचे एक शास्त्रज्ञ मलेशियात या पिल्लांच्या मागे लागले होते. गोड्या पाण्यातली आई, तेव्हा पिल्लं गोड्याच पाण्यात. आणि ती पटापट मरत. या धंद्यातले लोक अशी गोष्ट सांगतात की वैतागून त्यांनी जेवणातला सोया सॉस भांड्यात ओतला, आणि पिल्लं तरारली. खरं-खोटं तो सॉस जाणे. पण मीठ हवं हे लिंग यांनीच शोधलं, आणि जगभरची ही शेती त्या चिमूटभर मिठावर उभी आहे. आमच्या नदीवर तर पैठणला १९७६ पासून जायकवाडी उभं आहे, खाली आणखी कितीतरी बंधारे. आमच्या तालुक्यातून निघालेल्या लेकुरवाळीने माहेरी जायचं तरी कसं? म्हणून बीज हॅचरीतून आणायचं, ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांतून.

भाचीने सोबत एक बाटली आणली होती. आमच्या घरात ती यायची सोय नव्हती, म्हणून कार्यक्रम अक्काच्या ओसरीवर. अक्काच्या सासरी चालतं; ती स्वतः खात नाही, मागच्या दारी वेगळ्या चुलीवर रांधून वाढते. बाटलीत फॉर्मॅलिनमध्ये एक नर होता. रंग फिका झाला होता, पण पुढच्या दोन नांग्या! अंगापेक्षा लांब, काटेरी, दुमडून कशाबशा बाटलीत कोंबलेल्या. या प्राण्याचं शास्त्रीय नाव मॅक्रोब्रॅकियम रोझनबर्गाय. त्यातल्या पहिल्या शब्दाचा अर्थ लांब बाहूंचा. म्हणजे आपल्या भाषेत सरळ आजानुबाहू. रामाच्या आरतीत शोभेल असं विशेषण, आणि ते मिळालं कुणाला!

"हा निळ्या नांगीचा," भाची म्हणाली. "तळ्यातला पाटील."

आणि तिने जी तळ्याची हकिगत सांगितली, ती ऐकताना मला माझी सबंध नोकरी आठवली. नरांत तीन जाती असतात. जन्माची जात नव्हे, हुद्द्याची. सगळ्यात वर निळ्या नांगीचे : थोडे, दांडगे, माद्यांवर पहारा ठेवणारे. कात टाकलेली मऊ मादी पंखाखाली, म्हणजे नांगीखाली घेऊन बसणारे. यांची स्वतःची वाढ जवळपास थांबलेली असते; मान मोठा, माप तेच. मधे नारिंगी नांगीचे : हे माद्यांच्या फंदात फारसे पडत नाहीत, खातात आणि वाढतात. आणि तळाला छोटे नर, बोटाएवढेच राहिलेले. मुरलेल्या तळ्यात दहा नर धरले तर ढोबळमानाने पाच छोटे, चार नारिंगी आणि एक निळा.

नारिंगीवाला निळा कधी होतो? शेजारच्या सगळ्यात मोठ्या निळ्यापेक्षा मोठा झाला की. तोवर तो रंग बदलत नाही. एकदा का त्याच्यापेक्षा वरचढ झाला, की पुढची कात टाकताना निळी नांगी घेऊनच बाहेर येतो आणि जुना पाटील आपोआप दुसऱ्या नंबरवर. मग तिसरा त्याच्याही वरून उडी मारतो. सोसायटीच्या चेअरमनकीचं याहून स्वच्छ वर्णन मी तरी ऐकलेलं नाही, आणि इथे तर अविश्वासाचा ठरावही लागत नाही.

पण माझा जीव गुंतला तो छोट्यांत. हे खुजे जन्मतः खुजे नसतात. निळे काढून घेतले, की यांतले कितीतरी भराभर वाढायला लागतात, नारिंगी होतात, निळेही होतात. नुसतं वर कुणी बसलेलं आहे म्हणून खालच्याची वाढ थांबलेली. साहेबांची बदली झाल्यावर अचानक कविता करायला लागलेले हेडक्लार्क मी पाहिले आहेत. शिवाय हे छोटे अगदीच बिचारे नसतात. निळा आपल्या मादीभोवती बाहू पसरून उभा असतो आणि हा छोटा, मादीसारखाच किरकोळ दिसणारा, त्याच्या पायांखालून सुळकन आत जाऊन आपला कार्यभाग उरकून येतो.

"पंगतीत घुसलेला राहूच की!" मी म्हणालो.

राहू आमच्याकडचाच. नेवाशाच्या ग्रामदैवताचं नाव मोहिनीराज. अमृत वाटायला विष्णूने घेतलेलं मोहिनीचं रूप ते इथलंच, असं आम्ही मानतो. राहू देवांच्या पंगतीत वेष पालटून बसला, सापडला, आणि चक्र चाललं; शिर पडलं ती राहुरी आणि काया पडली ते नदीपलीकडचं कायगाव, असं लोक सांगतात. मी वर्गात राहू सांगायचो, चक्र सांगायचो. पण देवाच्या नावाकडे लहानपणापासून हात जोडूनही कधी नीट पाहिलं नव्हतं. मोहिनी स्त्रीलिंगी, राज पुल्लिंगी. सबंध नाव एकाच दमात घ्यायचं आणि प्रसाद घेऊन घरी यायचं. गावात कुणालाही यात अडचण आलेली नाही. अडचण फक्त माझ्या प्रश्नपत्रिकेला.

भाचीने चिमट्याने त्या नराला उताणं केलं आणि माझ्या हातात माझंच भिंग दिलं, ज्ञानेश्वरी वाचायचं. "चालायच्या पायांची शेवटची जोडी बघा. पाचवी. तिच्या मुळाशी."

मला काही दिसलं नाही. दिसणारही नव्हतं, तिला दाखवायची होती ती जागा. त्या पाचव्या पायांच्या मुळाशी, वीर्यनलिकेच्या टोकाला, एक एवढीशी ग्रंथी चिकटलेली असते. नराचं नरपण सगळं तिथे. कोवळ्या वयात ती काढून टाकली, तर जनुकांनी नर असलेला हा प्राणी मादी होतो. नुसता मवाळ होतो असं नाही. अंडी घालतो, पिल्लांची आई होतो. आणि ती ग्रंथी मादीच्या अंगात रोवली, तर मादी नर होते. १९८०च्या सुमारास अमेरिकेत हे करून पाहिलं, आणि मग इस्रायलच्या बेन-गुरियन विद्यापीठात अमीर सगी या माणसाने आपलं आयुष्यच या ग्रंथीला वाहिलं. वाळवंटाच्या कडेला बसून कोळंबीचा अभ्यास. आम्ही दुष्काळी तालुक्यातले लोक, आम्हाला यात नवल वाटायला नको.

२००९ साली त्यांच्या गटाने या ग्रंथीतून पाझरणारा मुख्य संदेश देणारा जनुक पकडला. तो निघाला इन्सुलिनच्या घराण्यातला.

"कुठलं इन्सुलिन?" मी विचारलं.

"तुम्ही रोज सकाळी पोटात टोचता, त्याचंच भावकीतलं."

मी नकळत शर्टाच्या बटणांवर हात ठेवला. आठ वर्षं मी ज्याला साखरेचा हवालदार समजत होतो, त्याची भावकी कोळंबीच्या पायाशी बसून तो की ती हे ठरवत होती.

पुढे सुरीही लागेनाशी झाली. पेशीत जनुकाचा हुकूम चिठ्ठीवर लिहून निघतो. सुईने एक जुळणारं रेणूचं द्रावण सोडलं, की ती चिठ्ठी वाटेतच फाडली जाते. मूळ दप्तराला हात लावायचा नाही, फक्त टपाल गहाळ करायचं. कचेरीत अर्ज केलेल्या कुणालाही ही पद्धत समजावून सांगावी लागू नये. २०१२ साली अशा चिठ्ठ्या फाडून त्यांनी नराची पूर्ण मादी करून दाखवली.

"पण हे कशासाठी?" अक्का मेथी निवडता निवडता म्हणाली. आतापर्यंत ती ऐकत नाही असं आम्ही धरून चाललो होतो.

कशासाठी, तर नर जास्त वाढतात म्हणून. मादी वयात आली की खाल्लेलं अंड्यांवर खर्च करते. तेव्हा तळ्यात सगळे नरच असले तर वजन जास्त. नराची केलेली मादी साध्या नराशी जुळवली, की होणारी सगळी पिल्लं नर. केरळात नुसत्या नरांच्या तळ्यांचा जमाखर्चही मांडून झालाय, फायद्याचा निघाला. अक्काने मेथीची काडी मोडली आणि काही बोलली नाही. मला मात्र प्रत्येक सोनोग्राफीच्या दारावरची पाटी आठवली : 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही.' असा कायदा देशात सगळ्यात आधी आपल्या राज्याने केला, १९८८ मध्ये. दिल्लीला १९९४ उजाडलं. आणि भाचीची नोकरी काय, तर पोहायच्या पायाचा केसाएवढा तुकडा घ्यायचा, डीएनए तपासायचा आणि सांगायचं, नर की मादी. तिच्या हॅचरीच्या दारावर उलटी पाटी हवी.

"आणि कोळंबीत हे आईवर ठरतं बरं का मामा. माणसात बापाकडून ठरतं. इथे कोंबडीसारखं. नराकडे दोन झेड, मादीकडे एक झेड, एक डब्ल्यू. आई काय देते त्यावर सगळं."

"म्हणजे मला जे चार वेळा ऐकवलं," अक्का म्हणाली, "ते या बाटलीतल्याच्या आईला ऐकवायचं होतं."

ओसरीवर थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग भाचीनेच विषय पुढे नेला, तिला तसं करायची सवय आहे.

हा सगळा ग्रंथ आता वाचून काढलाय, ती म्हणाली. ग्रंथ म्हणजे जीनोम. कोळंबीची गुणसूत्रं एकोणसाठ जोड्या, म्हणजे ११८, आपली ४६. अक्षरं चारच, पण मजकूर तीन अब्जांच्या वर. आणि तो सलग वाचता येत नाही. पोथीच्या शेकडो प्रती घ्यायच्या, सगळ्यांचे कपटे करायचे, कपटे वाचायचे आणि एकाचा शेवट दुसऱ्याच्या सुरुवातीला कुठे जुळतो ते पाहत मूळ पोथी परत लावायची.

इथे मात्र मी तिला थांबवलं. कारण हे काम आमच्या नदीवर होऊन गेलेलं आहे. ज्ञानेश्वरी नेवाशात सांगितली गेली शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९०. पुढच्या तीनशे वर्षांत नकलाकारांनी तिची जी दशा केली ती केली. कुणाची ओळ गळाली, कुणी स्वतःची घातली. शके १५०६ मध्ये पैठणला एकनाथांनी प्रती जमवल्या, पाठ ताडून पाहिले आणि शुद्ध प्रत सिद्ध केली. ते काम करताना त्यांना सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला असेल, ते मी तिला सांगू लागलो, तर तीच म्हणाली, "सारख्या-सारख्या दिसणाऱ्या ओळींचा. आम्हालाही तोच. कोळंबीच्या जीनोममध्ये तेच-तेच तुकडे इतके येतात की कपटा नक्की कुठल्या पानावरचा, कळत नाही." ध्रुपदाचा कपटा हातात आला तर तो कोणत्या कडव्यामागचा, कसं सांगणार? मला एकदम ती पोर माझ्या धंद्यातली वाटायला लागली.

२०१९ मध्ये त्या इस्रायली गटाने हा ग्रंथ लिंगाच्या गुणसूत्रांसाठी चाळला, आणि सोबत एक भलतंच प्रकरण पुढे आणलं : दोन्ही डब्ल्यू असलेला नर. म्हणजे ज्याच्या अंगात नराचं म्हणून जे झेड मानतात ते एकही नाही, तरी नर. चांगला हिंडता-फिरता, बाप होणारा. त्याअर्थी नर व्हायला काय लागतं त्याचा मजकूर झेडच्या अध्यायात नाहीच; तो साध्यासुध्या अध्यायांत विखुरलेला आहे, नरातही आणि मादीतही. झेड आणि डब्ल्यू फक्त खूण करतात, कुठलं पान उघडायचं याची. मी बत्तीस वर्षं ज्या प्रश्नाला पाच गुण देत आलो, त्याचं उत्तर झेड-डब्ल्यूच्या पानांवर नव्हतंच म्हणायचं.

"आणि आता गंमत ऐका. आता लोक नुसत्या माद्यांची तळी करायला निघालेत."

२०१६ मध्येच तिकडे त्याची रीत बसली होती. मादीला त्या ग्रंथीच्या पेशींचं एक इंजेक्शन दिलं, ती नर झाली. तिचा (त्याचा?) साध्या मादीशी जोडा लावला, की पिल्लांत काही दोन डब्ल्यूवाल्या निघतात. अशी एक मोठी झाली, साध्या नराशी जुळली, की तिची सगळी पिल्लं मुलीच. सगळ्या मुली, आणि त्यांना कसलाही धक्का लावलेला नाही. आणि माद्याच का? कारण नरांच्या तळ्यात ती पाटीलकी. एक अर्धा हात लांब, पाच खुजे. निळ्याच्या वजनातलं किती तरी नांग्यांत जातं, आणि व्यापारी नांगीचे पैसे देत नाही. मारामाऱ्या वेगळ्या. माद्या मात्र सारख्या मापाच्या वाढतात, एकमेकींना कमी फाडतात, दाटीवाटीत राहतात.

"भांडत नाहीत आणि सगळ्या सारख्या," अक्का उठता उठता म्हणाली. "एवढं सांगायला इस्रायलला जावं लागलं होय? माझ्या चौघींकडे बघायचं." आणि मेथीचं सूप घेऊन आत गेली.

बीज आलं आषाढात. दिवाळीनंतर सोडण्यात अर्थ नव्हता. आमच्या भागातल्या थंडीत त्यांची वाढ खुंटते. धाकट्याने तळ्यात पीव्हीसी पाइपचे तुकडे, फाटकी जाळी आणि पडवीची उतरवलेली मंगलोरी कौलं सोडून ठेवली होती, कात टाकलेल्या मऊ अंगाने लपायला. नाहीतर शेजारीच खातात. पिशव्या तळ्यावर अर्धा तास तशाच तरंगत ठेवल्या, आतलं-बाहेरचं पाणी एका उन्हावर यावं म्हणून. आत पाहिलं तर काचेच्या सुयांसारखं काहीतरी, प्रत्येकीला दोन काळे ठिपके. तो की ती, भाचीलाही नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नव्हतं. ही साधीच होती, नर-मादी मिसळ. मुलींचं बीज महाग पडेल म्हणून धाकट्याने यंदा नको म्हटलं होतं.

पिशव्या उघडल्या. सुया क्षणभर कडेच्या काळ्या कागदावर दिसल्या आणि खाली गेल्या.

धाकट्याने खताच्या दुकानातून मिळालेली डायरी काढली, तारीख घातली आणि पेन माझ्या हातात दिलं. "मामा, तुमचं अक्षर चांगलंय. लिहा : जंबो कोळंबीचं बीज, दोन हजार नग."

मी लिहिलं. लिहून झाल्यावर सवयीने परत वाचलं. कोळंबी स्त्रीलिंगी, बीज नपुंसकलिंगी, नग पुल्लिंगी. खिशाला लाल पेन होतं, अजून असतं. मी डायरी मिटून त्याला दिली, आणि तो एअरेटरचं बटण दाबायला गेला. पण वीज रात्री अकराला येणार होती.